पोलंड, एल्ट आणि मी

शरीरशास्त्राच्या इतिहासावरील या धाग्यात आज थोडे स्वतःविषयी.

छातीवरून खांद्याकडे जाणारा मोठा स्नायू माझ्या डाव्या बाजूस जन्मतःच अपुरा आहे. शाळेत कबड्डीसाठी सदरा उतरवायची वेळ आली की मी सबब सांगत असे. डॉक्टरांनी 'पोलंड सिंड्रोम' म्हटले, तेव्हा हा विकार पोलंड देशातला असावा, असे मला वाटले.

पोलंड हे आडनाव निघाले. १८४१ साली लंडनच्या गाईज रुग्णालयात आल्फ्रेड पोलंड या विद्यार्थ्याने एका मृतदेहाचे विच्छेदन केले आणि डाव्या छातीचे स्नायू अपुरे असल्याची नोंद केली. तो देह जॉर्ज एल्ट या २७ वर्षांच्या कैद्याचा होता. त्याला डावा हात छातीवरून पलीकडे नेता येत नसे, असेही पोलंडने लिहिले. १९६२ साली त्याच रुग्णालयातील शल्यविशारद पॅट्रिक क्लार्कसन यांनी या अवस्थेला पोलंडचे नाव दिले.

माझ्या वैद्यकीय कागदांवरही तेच नाव आहे. परंतु डावा हात उजव्या खांद्याकडे नेऊ लागलो की मला आठवतो, तो एल्ट.