सुटलेली गाडी

रात्रीचे बारा वाजून गेलेत. बाहेर पावसाची रिपरिप. आज पुन्हा ‘द लास्ट एक्सप्रेस’ लावला.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आमच्या पिढीला तोंडपाठ. कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची पाठ वळली, की पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र उड्या मारू लागायचा. त्याच्याच कर्त्याने, जॉर्डन मेकनरने, १९९७ मध्ये आणलेला हा गेम मात्र फारसा कुणी खेळला नाही. बाजारात येण्याच्या तोंडावर जाहिरात सांभाळणारी माणसंच निघून गेली. खपला नाही तो नाहीच.

२४ जुलै १९१४. पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्सप्रेस. मित्राचा खून झालेला, आणि आपण त्याच्याच नावाने प्रवास करतोय. गंमत अशी, की ही गाडी आपल्यासाठी थांबत नाही. घड्याळ सहापट वेगाने पळतं. प्रवासी आपापल्या वेळी जेवतात, भांडतात, कुजबुजतात. एका दाराशी कान लावावा, तर दुसरीकडचं बोलणं हुकतं. व्हायोलिनची मैफल ऐकत बसावं, तर तेवढ्यात उरकायची झडती राहते.

आज मी मैफलच ऐकली. हरलो. मग काटे मागे फिरवले. इथे तशी सोय आहे.

चार दिवसांत युद्ध पेटणार, हे त्या डब्यात कुणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. पण काटे कितीही मागे नेले, तरी तेवढं एक टळत नाही.