नावानिशी मत

न्यू यॉर्क थिएटर वर्कशॉप हे मॅनहॅटनच्या ईस्ट फोर्थ स्ट्रीटवरचं छोटेखानी नाट्यगृह, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं. २०१७ च्या पानगळीत मी तिथे एमी हर्झॉगचं ‘मेरी जेन’ पाहिलं. पडदा उघडतो तो तुंबलेल्या सिंकवर. इमारतीची देखभाल करणारी बाई पाइप मोकळा करतेय आणि मेरी जेन तिच्याशी साध्या गप्पा मारतेय. मेरी जेनचं लहान लेकरू अतिशय आजारी आहे, तिला ते एकटीनं सांभाळायचं आहे, हे आपल्याला त्या गप्पांतून हळूहळू कळतं. उत्तरार्ध हॉस्पिटलात. रंगमंचावर सगळ्या बायकाच. कॅरी कून इतकी हसतमुख वावरत होती की माझ्या घशात आवंढा आला.

बाहेर पडताना वाटलं, या नाटकाची दखल कोण घेणार? टोनी पुरस्कार फक्त ब्रॉडवेच्या नाट्यगृहांसाठी, म्हणजे पाचशे किंवा त्याहून जास्त खुर्च्या असल्या तरच. दोनशे खुर्च्यांतलं नाटक कितीही मोठं असलं तरी त्या दारात त्याला प्रवेश नाही.

पुढच्या वसंतात न्यू यॉर्क ड्रामा क्रिटिक्स सर्कलनं ‘मेरी जेन’ला सर्वोत्कृष्ट नाटक ठरवलं. मला मनापासून आनंद झाला. ही शहरातल्या वृत्तपत्रांच्या आणि नियतकालिकांच्या वीसेक नाट्यसमीक्षकांची मंडळी. नाट्यगृह ब्रॉडवेवरचं की गल्लीतलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पण त्या आनंदात मी निकालाची बातमी मुळातून काढून वाचली आणि थबकलेच. कोणत्या समीक्षकानं कोणत्या नाटकाला मत दिलं, याची यादी ते नावानिशी छापतात. पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर पसंतीक्रमाला गुण देऊन पुन्हा मतदान होतं, आणि तेही उघड. ज्यांचं नाटक हरलं त्यांचीही नावं तिथेच असतात.

माझी सगळी घडण हौशी रंगभूमीवरची. काळोख्या प्रेक्षागृहात मधल्या रांगेत परीक्षकांचं टेबल, त्यावर कागद पुरता दिसेल एवढासा दिवा. प्रयोग चालू असताना विंगेतून आम्ही त्या दिव्याकडेच बघायचो. पेन हललं की पोटात गोळा यायचा. बक्षीस समारंभात निवेदक क्रमांक वाचून दाखवायचा, टाळ्या व्हायच्या, ढाली वाटल्या जायच्या आणि परीक्षक पाहुण्यांच्या गाडीतून निघून जायचे. एका स्पर्धेत आमच्या दिग्दर्शकानं दोन महिने खपून बसवलेलं नाटक शेवटून दुसरं आलं. कुठे कमी पडलो ते कुणीतरी सांगावं म्हणून तो आयोजकांकडे खेटे घालत राहिला. परीक्षकांचा निर्णय अंतिम, एवढंच उत्तर त्याला मिळालं. त्यानं पुढे नाटक सोडलं. ती सल माझ्या मनातून कधी गेली नाही.

म्हणून न्यू यॉर्कच्या समीक्षकांच्या त्या नावानिशी यादीचा मला इतका जिव्हाळा वाटला. आपल्याकडे कमलाकर नाडकर्णींसारखे समीक्षक स्वतःच्या नावानं सडेतोड लिहायचे, लोक ते वाचून तिकीट काढायचं की नाही ते ठरवायचे आणि नाटकवाले चिडून वाद घालायला यायचे. माझ्या मते नाटकाच्या निवाड्याची खरी रीत हीच. पुरस्कार मात्र बहुतेक ठिकाणी ‘समिती’ या शब्दाआड दडून बसतात.

न्यू यॉर्कच्या क्रिटिक्स सर्कलचा जन्मच मुळी मतभेदातून झाला. पुलित्झरचे नाट्यपुरस्कार पटेनासे झाले तेव्हा १९३५ मध्ये समीक्षक अल्गॉनक्विन हॉटेलात जमले आणि आपला वेगळा पुरस्कार सुरू करायचं ठरलं. १९३६ चा पहिला मान मॅक्सवेल अँडरसनच्या ‘विंटरसेट’ या पद्यनाटकाला मिळाला. कधी एकमत झालं नाही तर पुरस्कार नाही, हेही त्यांनी करून दाखवलं. १९३९ मध्ये सर्वोत्कृष्ट अमेरिकन नाटक म्हणून त्यांनी कुणालाच निवडलं नाही. १९४८ मध्ये टेनेसी विल्यम्सचं ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ निवडलं. तेंडुलकरांनी त्याचं ‘वासनाचक्र’ केलं आणि मला ते गावातल्या वाचनालयात हाती लागलं, तेव्हा त्यामागे असा काही इतिहास असेल हे कुठे ठाऊक होतं!

पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते १९५९ साल. त्या हंगामात युजीन ओनील, टेनेसी विल्यम्स, आर्चिबाल्ड मॅक्लीश अशा दिग्गजांची नाटकं होती. समीक्षकांनी निवडलं ते तिशीही न गाठलेल्या लॉरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’, शिकागोतल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट. कृष्णवर्णीय नाटककाराला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पुलित्झर त्या वर्षी मॅक्लीशच्या ‘जे.बी.’ला गेलं. आज त्या दोन्हींतलं कोणतं नाटक पुन्हा पुन्हा रंगमंचावर येतं, ते नाट्यप्रेमींना सांगायला नको.

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींनी एकांकिका स्पर्धा घेतली आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा मी एकच अट घातली. आम्हा तिघा परीक्षकांपैकी प्रत्येकानं आपला पसंतीक्रम आणि त्याचं कारण स्वतःच्या नावासह लिहून फलकावर लावायचं. आधी कुरकुर झाली. ‘‘उगाच लोक दुखावतील,’’ असं मंडळातले एक काका म्हणाले. मी म्हटलं, ‘‘दुखावू देत, पण का ते त्यांना कळू दे.’’ शेवटी मान्य झालं.

निकालानंतर एक तरुण दिग्दर्शक माझा कागद मोबाइलवर टिपून घेऊन तडक माझ्याकडे आला. ‘‘ताई, शेवटचा पॉज तुम्हाला लांबला वाटला ना? मला तो तेवढाच हवा होता.’’ मी म्हटलं, बाप घराबाहेर पडला तिथेच नाटक संपलं, पुढचं सगळं तू प्रेक्षकांवर विश्वास नसल्यासारखं केलंस. तो पटकन म्हणाला, ‘‘पण मुलगी अजून खोलीत आहे ना!’’ आणि तिथे मला विचार करावा लागला. मुलीच्या हातात त्यानं काय दिलं होतं, ती कुठे बघत होती, उजेड कधी कमी झाला, असं करत करत आम्ही ती शेवटची दोन मिनिटं पुन्हा उभी केली. सभागृहवाल्यानं दिवे बंद करायला घेतले तसे आम्ही पार्किंगमध्ये गेलो आणि वाद तिथे पुढे सुरू झाला.