पहिला फोन कुणी करायचा?

काय मुलांनो, तुम्ही कुणाच्या बाजूचे? फुटबॉलबद्दल विचारतेय हं! कुणी म्हणेल रिअल माद्रिद, कुणी म्हणेल बार्सिलोना. छान! आपला संघ हरला की जेवण गोड लागू नये, जिंकला की घर डोक्यावर घ्यावं, यात मजाच असते. पण आपल्या संघावर प्रेम करायचं म्हणजे समोरच्याशी वैर धरायलाच हवं का?

माझ्या चौथीच्या वर्गात दोन मुलं आहेत. पहिलीपासून एका बाकावर बसणारी, एका डब्यात खाणारी. एका सोमवारी पाहते तो काय, दोघं वर्गाच्या दोन टोकांना! विचारलं तर एक जण म्हणाला, "बाई, तो त्यांच्या टीमचा आहे. त्याच्याशी कट्टी."

मी रागावले नाही. त्यांच्याच लाडक्या संघांतल्या दोघांची गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगते.

इकेर कॅसिलास हा तेव्हा रिअल माद्रिदचा गोलरक्षक होता आणि झावी हा बार्सिलोनाच्या मधल्या फळीचा खेळाडू होता. स्पेनमधल्या या दोन क्लबांची चुरस जगप्रसिद्ध आहे. पण हे दोघं पोरवयापासूनचे दोस्त बरं का! १९९७ साली सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत दोघं स्पेनच्या संघात होते. १९९९ मध्ये नायजेरियात स्पेननं युवा विश्वचषक जिंकला, तेव्हाही दोघं बरोबर. आणि २०१० चा विश्वचषक स्पेननं जिंकला, तेव्हा कप्तान होता कॅसिलास आणि मैदानाच्या मध्यावरून खेळ चालवत होता झावी.

पुढे आलं २०११ साल. एप्रिल-मे महिन्यांत अवघ्या १८ दिवसांत हे दोन क्लब चार वेळा भिडले. धक्काबुक्की, लाल कार्डं, टोमणे! ऑगस्टमध्ये तर कहरच झाला. सामना संपता संपता मैदानातच हाणामारी जुंपली. माद्रिदचे प्रशिक्षक मोरिन्यो यांनी बार्सिलोनाच्या सहप्रशिक्षकांच्या डोळ्यात बोट घातलं! स्पेनसाठी खांद्याला खांदा लावून खेळणारे खेळाडू एकमेकांवर धावून जात होते.

तेव्हा कॅसिलासनं काय केलं? फोन उचलला आणि झावीशी बोलला. बार्सिलोनाचा कप्तान पुयोल यालाही त्यानं फोन केला. भांडण मिटवायला हवं, हे त्यानं ओळखलं होतं. माद्रिदच्या काही पाठीराख्यांना हे मुळीच रुचलं नाही. आपल्याच माणसांचा राग त्याला सोसावा लागला. पण २०१२ साली स्पेनचा मानाचा 'प्रिन्स ऑफ अस्तुरियास' पुरस्कार या दोघांना मिळून देण्यात आला. कशासाठी? चुरशीच्या पलीकडे जपलेल्या मैत्रीसाठी!

गोष्ट संपली तशी कट्टी करणाऱ्यानं हळूच विचारलं, "बाई, पहिला फोन त्यानं केला म्हणजे तोच हरला ना?"

नाही रे बाळा! पुढच्या सामन्यात झावीची किक आली तर ती अडवायला कॅसिलास जिवाच्या आकांतानं झेप घेणारच होता. मैत्रीसाठी त्यानं एक गोलही कुणाला फुकट दिला नाही. शिट्टी वाजेपर्यंत समोरचा प्रतिस्पर्धी, शिट्टीनंतर माणूस. एवढाच त्याचा हिशोब.

हा हिशोब चुकला की काय होतं, ते आपल्या देशानंही पाहिलंय. १६ ऑगस्ट १९८०. कोलकात्याचं ईडन गार्डन्स. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. मैदानावर खेळाडूंची बाचाबाची झाली, ती ठिणगी प्रेक्षकांत पडली आणि १६ माणसं जिवाला मुकली. खेळ बघायला घरून निघालेली माणसं परत आलीच नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी कोलकात्यात त्या तारखेला रक्तदान करतात. रक्ताच्या पिशवीवर कुठल्या क्लबाचं नाव लिहिलेलं नसतं, नाही का?

पालकांनो, एक तुमच्यासाठी. टीव्हीसमोर बसून आपण समोरच्या संघाला जे शब्द वापरतो, तेच दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात ऐकू येतात. आपल्या संघासाठी खुशाल ओरडा. पण समोरच्यानं सुंदर गोल केला, तर मुलांदेखत एक टाळी त्यालाही द्या.

आणि मुलांनो, तुमची कुणाशी कट्टी असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या दारात जा नि हाक मारा, "चल, खेळायला येतोस?" तो लगेच येईलच असं नाही. उद्या पुन्हा हाक मारा. आणि मैदानात मात्र त्याला एकही गोल फुकट देऊ नका हं!