हसदेवच्या सालवनातील मोजदाद

कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी कोणता, असे कोणी विचारले तर आपण मराठी माणसे तत्काळ नागपूरजवळच्या रामटेककडे बोट दाखवतो. छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यातील लोक मात्र तो मान आपल्या रामगढच्या डोंगरास देतात. अंबिकापूरहून बिलासपूरच्या वाटेने निघाले की उदयपूर लागते. त्याच्याजवळच हा डोंगर आहे. त्यातील जोगीमारा गुंफेत सुतनुका नावाच्या देवदासीचा उल्लेख असलेला प्राचीन ब्राह्मी लेख आहे. वादाचा निर्णय पंडितांवर सोपवून आपण पुढे जाऊ. कारण या परिसरात जे हसदेव अरण्य पसरले आहे, तेथे आज याहून निकडीचा प्रश्न उभा आहे.

सरगुजा, सूरजपूर व कोरबा या तीन जिल्ह्यांत मिळून हे अरण्य सुमारे १,७०,००० हेक्टरांचे आहे. उंच सालवृक्षांच्या छायेत मोह आणि तेंदू वाढतात. वसंतात मोहाची फुले आणि उन्हाळ्यात तेंदूची पाने वेचून गोंड कुटुंबे वर्षाची तोंडमिळवणी करतात. या वनातून वाहणारी हसदेव नदी बांगो धरण भरते आणि पुढे महानदीस मिळते. येथे अस्वल व बिबट्या यांचा वास आहे, हत्तींचा राबता आहे. आणि या साऱ्यांच्या पायाखाली दगडी कोळसा आहे.

जमीन खोदण्यापूर्वी तेथे कोण राहते हे पाहावे, हा साधा विवेक होय. पण ते पाहावयाचे कसे? वन्य प्राणी शिरगणतीसाठी दारात उभे राहत नाहीत. म्हणून अभ्यासक नकाशावर रेषा आखून घेतात, त्या रेषांवरून पायी चालतात आणि विष्ठा, ठसे, ओरखडलेल्या साली यांची नोंद करतात. हत्तीच्या पुढच्या पावलाच्या घेराची दुप्पट केली की त्याची खांद्यापर्यंतची उंची अदमासे कळते. पायवाटांवर स्वयंचलित कॅमेरे बांधले जातात. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण प्रत्येकाची निराळी असल्याने छायाचित्रावरून एकेक प्राणी वेगळा ओळखता येतो. झाडे मोजताना मोठ्या वृक्षांबरोबर रोपेही मोजतात, कारण उद्याचे वन त्यांत असते. शिवाय हे सारे वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा करावे लागते. केवळ उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्यास पावसाळ्यातील बेडूक आणि हिवाळ्यातील पाहुणे पक्षी कसे दिसावेत?

हसदेवच्या बाबतीत या मोजदादीचा क्रम मात्र उलटा झाला. परसा पूर्व व केते बासन या कोळसापट्ट्यासाठी सुमारे १,८९८ हेक्टर वनजमीन मागण्यात आली, तेव्हा वन सल्लागार समितीने प्रतिकूल मत दिले होते. तरीही २०११ साली मंत्रालयाने तत्त्वतः संमती दिली आणि २०१३ मध्ये कोळसा निघू लागला. मार्च २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती परवानगी रद्द ठरवून येथील जैवविविधतेविषयी तज्ज्ञांचे मत घेण्यास सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाण चालू राहिली. तज्ज्ञांचा सविस्तर अहवाल आला तो २०२१ मध्ये. म्हणजे तपासणी पूर्ण होईपर्यंत शस्त्रक्रिया निम्मी होऊन गेली होती!

त्या अहवालात भारतीय वन्यजीव संस्थेने एक लक्षणीय गोष्ट नमूद केली आहे. देशातील रानहत्तींपैकी एक टक्काही छत्तीसगडात नाहीत. परंतु हत्तींमुळे होणाऱ्या मनुष्यहानीच्या नोंदींत या राज्याचा वाटा पंधरा टक्क्यांहून अधिक आहे. वन तुटत गेले की हत्ती नाहीसा होत नाही, तो शेतात आणि अंगणात येतो. म्हणून चालू खाणीपलीकडे या अरण्यात खाणकाम करू नये, असा संस्थेचा सल्ला होता. भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेने मात्र चार पट्ट्यांचा विचार कडक अटींवर करता येईल असे म्हटले. २०२१ मध्येच राज्याने १,९९५ चौरस किलोमीटरांचे लेमरू हत्ती राखीव क्षेत्र घोषित केले. २०२२ मध्ये वरील खाणीच्या दुसऱ्या टप्प्यासही मंजुरी मिळाली.

कोळसा नको, असे म्हणणे सोपे नाही. आपल्या घरातील दिवा ज्या विजेवर जळतो, तिच्यातील मोठा वाटा आजही कोळशाचाच आहे. म्हणूनच किंमत आधी कळावयास हवी. नंतर केलेली मोजदाद गेलेल्याची यादी देते. आधी केलेली मोजदाद निवड करण्याची संधी देते. खाण कोठे नको, हत्तींची कोणती वाट मोकळी ठेवावयाची, हे तेव्हाच ठरवता येते.

आणि येथे तुमचाही संबंध येतो. पुष्कळ मोठ्या खाणींना परवानगी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असतो. आपल्या जिल्ह्यात अशी सूचना प्रसिद्ध झाली तर तो सारांश अवश्य मागून वाचा. पाहणी किती ऋतूंत झाली, प्राण्यांच्या वाटा नकाशावर दाखवल्या आहेत काय, आणि त्या वनात रोज वावरणाऱ्या गावकऱ्यांना कोणी विचारले काय, एवढे तीन प्रश्न सुनावणीत उभे राहून विचारण्यास तज्ज्ञ असावे लागत नाही.