घर तळावर, आम्ही वाटेवर

चाकांवरचे घर बरोबर असले म्हणजे माणसाला हवे तेथे जाता येत असेल, असे ऐकणाऱ्याला वाटते. नदीकाठी मन रमले की तेथे थांबावे, डोंगराने साद घातली की तिकडे वळावे; मुक्कामाची विवंचना नाही की सामानाची बांधाबांध नाही. लांबच्या प्रवासापुरते हे खरेही आहे. पण एखाद्या ठिकाणी आठ दिवस राहावयाचे ठरले, की हेच घर मोठे स्थावर होऊन बसते, आणि आजूबाजूला हिंडावयाचे तर त्याच्यावाचूनच हिंडावे लागते. २०२५ च्या जून महिन्यात स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेन या खेड्यात आम्ही असे आठ दिवस राहिलो. त्या खेड्यातील आमच्या हिंडण्याफिरण्याची ही हकिकत आहे.

आम्ही म्हणजे पाचजण. बेळगावहून गेलेले आम्ही उभयता व आमची एक्याऐंशी वर्षांची आई; आणि जर्मनीत स्टुटगार्ट येथे स्थायिक झालेले धाकटे बंधू व त्यांची नववीत शिकणारी कन्या. बंधूंनी एक मोटारघर भाड्याने घेतले होते. बाहेरून ते लहानशा मालमोटारीसारखे दिसे. आत मात्र निजावयास बिछाने, दोन बर्नरची शेगडी, हातभर रुंदीची मोरी आणि कपाटाएवढे शौचकूप. युरोपात मोटारीच्या साध्या परवान्यावर साडेतीन हजार किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते. त्यामुळे निघण्यापूर्वी बंधूंनी सामानाची जी छाननी केली तीत आमचे दोन जाड ग्रंथ स्टुटगार्टला राहिले. आईचे मसाल्याचे व चटणीचे डबे मात्र सहीसलामत सुटले. सरहद्दीवर चाळीस फ्रँक भरून स्विस हमरस्त्यांचा वर्षाचा परवाना घेतला. आठ दिवसांसाठी वर्षाचा! पण त्याहून लहान मुदतीचा परवाना तेथे मिळतच नाही.

लाउटरब्रुनेनची दरी एकदा पाहिली की विसरता येत नाही. दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे, मध्ये हिरवीगार सपाट जमीन, तीतून पांढरट पाण्याची ल्यूचिने नदी धावते. कड्यांवरून जागोजागी पाणी खाली पडते. त्यांतील श्टाउबबाख हा धबधबा २९७ मीटर उंचीचा आहे, आणि पाणी खाली पोचेपर्यंत त्याचे अर्धेअधिक तुषारच झालेले असतात. १७७९ साली जर्मन महाकवी गटे येथे आला होता. या जलप्रपातावरून त्याला एक प्रसिद्ध कविता सुचली. आमचा तळ त्याच धबधब्याच्या अंगाला होता. तळ म्हणजे गवताचे एक प्रशस्त पटांगण. त्यावर आखलेल्या जागा, प्रत्येक जागेशी विजेचा खांब, थोड्या अंतरावर स्नानगृहे व धुण्याभांड्यांची सोय. अशा तळावर मोटारघर नुसते उभे करून भागत नाही. जमीन किंचित उतरती असल्यास चाकांखाली पाचरी सारून ते समपातळीत आणावे लागते. नाहीतर कढईतले तेल एका बाजूला आणि निजलेला माणूस दुसऱ्या बाजूला! मग विजेची तार जोडावयाची, पाणी भरावयाचे, कडेचे कापडी छत उघडावयाचे, खुर्च्या मांडावयाच्या. एवढे झाल्यावर गाडी हलवायची म्हणजे मांडलेला संसार मोडावयाचा.

आणि हलवून तरी न्यावयाची कोठे? दरीतला रस्ता श्टेखेलबेर्ग या वाडीशी संपतो; पुढे पर्वत. ज्या दोन गावांसाठी लोक येथे येतात ती वेंगेन व म्युरेन ही गावे दोन बाजूंच्या कड्यांवर वसली आहेत, आणि तेथे मोटारी नाहीत. रेल्वे-स्थानकाजवळ बहुमजली वाहनतळ आहे खरा, पण आमच्या घराची उंची पाहता त्यात त्याचा शिरकाव अशक्य. तेव्हा घर तळावर राहिले आणि आम्ही वाटेला लागलो.

पहिले वाहन अर्थातच पाय. तळापासून स्थानकापर्यंत आम्हांस पाव तास लागे. आईला काठी टेकीत, मधून मधून बसत, अर्धा तास. पायवाटांवरील पिवळ्या पाट्या पाहून आम्हांला मौज वाटली. त्यांवर अंतर किलोमीटरमध्ये लिहीत नाहीत. चालावयास लागणारा वेळ लिहितात. डोंगरात हेच शहाणपणाचे, कारण चढावरचा एक किलोमीटर आणि सपाटीवरचा एक किलोमीटर यांचे नाते सावत्र भावंडांचे असते. आपल्याकडेही खेड्यातला म्हातारा 'पान खाऊन होईतो पोचाल' असेच सांगत असे की नाही?

दुसरे वाहन सायकल. मोटारघराच्या पाठीवर बांधून आणलेल्या दोन सायकली बंधूंनी व पुतणीने ताब्यात घेतल्या. श्टेखेलबेर्गपर्यंतची वाट सुमारे सहा किलोमीटर, बहुतेक नदीकाठाची. ती दोघे सकाळी जाऊन न्याहारीला परत येत आणि कापलेल्या गवताचा वास व गाईंच्या घंटांचे वर्णन आम्हांला आयते ऐकावयास मिळे.

प्रश्न होता तो आईचा. तिचे गुडघे गेली काही वर्षे दुखतात. पहिल्या दिवशी तिने कापडी छताखाली खुर्ची घेतली, शाल पांघरली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी इथं बसून सगळं बघते." घरोघरच्या वडीलधाऱ्यांचे हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. त्यात समजूतदारपणा किती आणि इतरांच्या पायांत आपली बेडी नको ही भीती किती, ते ऐकणाऱ्याने ओळखावयाचे असते. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ बसलो, आणि ते तिच्या ध्यानात आल्यावर ती अधिकच मिटून गेली. एवढ्या लांब येऊन एक म्हातारी खुर्चीत बसून राहणार, आणि आपल्यामुळे दुसऱ्या कोणाला बसावे लागते हेही पाहणार!

तिसऱ्या दिवशी पाऊस होता. सारेच आत अडकलो. पुतणीने वेळापत्रकाचा कागद काढला आणि आजीला एक गंमत दाखवली. दरीतून श्टेखेलबेर्गला जाणारी पिवळ्या रंगाची टपाल-बस दर अर्ध्या तासाने सुटते, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच मिनिटाला सुटते. आठ वाजता जे मिनिट, तेच नऊ वाजता, तेच दहा वाजता. परतीचेही तसेच. म्हणजे अख्खे वेळापत्रक पाठ करण्याचे कारण नाही. जाण्याचा एक आकडा, येण्याचा एक आकडा. त्यात तीस मिळवले की पुढची गाडी.

ही रचना काही त्या दरीपुरती नाही. १९८२ साली स्वित्झर्लंडने सबंध देशाच्या रेल्वेचे वेळापत्रक या ठरावीक तालावर बसवले. पुढे १९८७ साली 'रेल्वे २०००' ही योजना तेथील जनतेने मतदानाने संमत केली. गाड्या शक्य तितक्या वेगाने नव्हे, तर ठरल्या वेळी एकमेकींना भेटण्यापुरत्या वेगाने पळवावयाच्या, हा तिचा गाभा. आगगाडी आली की स्थानकाच्या दाराशी बस उभी. बस पोचली की रज्जुमार्गाचा पाळणा तयार. टपाल-बसची परंपरा तर १९०६ पासूनची; घोड्यांच्या टपालगाड्यांची जागा हळूहळू या मोटारींनी घेतली. आपल्याकडे थांब्यावर 'गाडी केव्हा?' असे विचारले की 'येईल एवढ्यात' असे प्रेमळ उत्तर मिळते. त्या उत्तरात माणुसकी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्याला भाषा येत नाही त्याला ते उत्तर विचारताही येत नाही, आणि आकडा मात्र कोणालाही वाचता येतो.

आईला जर्मनचा एक शब्द येत नाही. मराठी व कानडी वाचते, आणि इंग्रजी अंक ओळखते. तिने ते दोन आकडे विचारून घेतले, एका चिटोऱ्यावर स्वतः लिहिले आणि कागद बटव्यात ठेवला. चौथ्या दिवशी ऊन पडले. चहा झाल्यावर ती म्हणाली, "मी त्या पिवळ्या गाडीने शेवटपर्यंत जाऊन येते. एकटी." बंधू सायकलवरून मागोमाग येतो म्हणाले. "मागं मागं कुणी यायचं नाही," असे तिने त्यांना निक्षून सांगितले. वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी बंधूंनी मुकाट्याने मान डोलावली.

स्थानकापर्यंत आम्ही गेलो. बस आली तेव्हा तिचा दारापाशील भाग फलाटाच्या कडेला इतका बेताचा लागला, की आईला पाय उचलण्याऐवजी नुसता पुढे टाकावा लागला. अपंग व वृद्ध यांना सार्वजनिक वाहने विनासायास वापरता यावीत म्हणून त्या देशात २००४ साली एक कायदा अमलात आला. त्याने वाहतूक-संस्थांना सुधारणांसाठी २०२३ अखेरपर्यंत वीस वर्षांची मुदत दिली होती. मुदत संपली तरी कित्येक स्थानकांवर काम उरलेच होते. तेव्हा तेथेही सारे आबादीआबाद आहे असे कोणी समजू नये. पण एका वृद्धेच्या गुडघ्यांना त्या कायद्याचा अर्थ आमच्या देखत कळला.

परतीच्या गाडीची वेळ झाली. गाडी आली, माणसे उतरली, आई उतरली नाही. त्या अर्ध्या तासात आम्ही काय काय कल्पना केल्या ते येथे लिहीत नाही. पुतणी तेवढी निश्चिंत होती. ती घड्याळ दाखवून "तीस मिळवा, काका" एवढेच म्हणे. पुढच्या गाडीतून आई उतरली. बरीच माणसे वाटेत एका थांब्यावर उतरताना दिसली म्हणून परत येताना तीही उतरली होती. तो त्र्युमेलबाखचा थांबा. आयगर, म्योंख व युंगफ्राउ या तीन हिमशिखरांचे वितळलेले पाणी तेथे डोंगराच्या पोटातून कोसळते. पाणी भरात असले म्हणजे सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत जावयास १९१३ पासून पाळणा आहे, पण पुढे पायऱ्या आहेत म्हणून ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. "गडगडाट ऐकला," ती म्हणाली. "पुढची गाडी यायचीच होती, मग घाई कसली?" खुणा करून तिने कॉफीही घेतली होती. नाणी तळहातावर धरली, त्या बाईने हवी तेवढी उचलली आणि उरलेली तिची मूठ मिटवून परत दिली.

त्यानंतर खुर्ची रिकामीच राहिली. पाचव्या दिवशी आम्ही सारे वेंगेनला गेलो. लाउटरब्रुनेनची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, वेंगेनची १२७४. हा चढ आगगाडी पाव तासाच्या आत चढते. रुळांच्या मध्ये दात्यांचा तिसरा रूळ असतो व त्यात इंजिनाचे दातेरी चाक अडकून वर सरकते. हा मार्ग १८९३ चा. गावात दूध, सिमेंट, पर्यटकांच्या पेट्या, सारे रेल्वेनेच येते. स्थानकाबाहेर विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या सामान घेण्यास उभ्या असतात. आम्हांला माथेरानची आठवण झाली. तेथेही मोटारी दस्तुरी नाक्याशीच थांबतात आणि १९०७ साली सुरू झालेली नेरळची लहान गाडी वळणे घेत चढते. मात्र तिला दातेरी रूळ नाही, म्हणून तिला एकवीस किलोमीटर फिरून यावे लागते. माथेरानला घोड्याच्या लिदीचा व तांबड्या मातीचा जो वास येतो तो वेंगेनला नाही. तो नाही याची थोडी चुकचुक लागली, हेही सांगून टाकतो.

म्युरेनची वाट आणखी निराळी. तेथे १८९१ पासून तारेने ओढली जाणारी रेल्वे कडा चढत असे. २००६ साली तिच्या जागी हवेतून जाणारा पाळणा आला. तो चार मिनिटांत ग्र्युचाल्पला नेतो. प्रवासी आत उभे आणि गावाचा किराणा पाळण्याखाली टांगलेला! वर छोटी आगगाडी तयारच असते. ती कड्याच्या काठाने म्युरेनला जाते, आणि समोर ३९६७ मीटर उंचीचा आयगर व ४१५८ मीटरची युंगफ्राउ डोळ्यांत मावत नाहीत. आईने खिडकीजवळची जागा धरली होती. बर्फ जवळून पाहण्याची तिची इच्छा जन्माची. ती तेथे काहीच बोलली नाही. पुतणीने छायाचित्र काढू का म्हणून विचारले, तेव्हा तिने नुसता हात हलवून तिला गप्प बसवले.

नवव्या दिवशी सकाळी तार सोडवली, छत मिटले, पाचरी काढल्या. वापरलेले पाणी व शौचकूपाची पेटी नेमलेल्या जागी रिकामी करण्याचे काम बंधूंनी तक्रार न करता केले. मोटारघराच्या सुरस वर्णनांत हा भाग कोणी लिहीत नाही. इंजिन सुरू झाल्यावर मीटरवरचा आकडा पाहिला, तो आलो त्या दिवशीचाच होता. स्थानकाजवळ रस्ता अरुंद असल्यामुळे समोरून येणाऱ्या टपाल-बसला वाट देण्यासाठी आम्ही कडेला थांबलो. आईने मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "आज दोन मिनिटं उशीर आहे हिला."