भाड्याचं आजोळ

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रवासाचा दिवसवार आराखडा जोडावा लागतो. मी केलेल्या आराखड्यात बहुतेक तारखांसमोर एकच ओळ होती : पालेओहोरा, मुक्काम. एजंटाचा लगेच फोन आला.

“मॅडम, हे दिवस भरायचे राहिलेत.”

“राहिले नाहीत, तसेच ठेवलेत.”

“अहो, पण साइटसीइंग दाखवावं लागतं. एवढ्या लांब नुसतं राहायला कोण जातं?”

संध्याकाळी त्याने स्वतःच रकाने भरून पाठवले. क्रीट बेटावरचं जे जे म्हणून प्रसिद्ध, ते सगळं त्यात होतं. एक दिवस तर समारियाची घळ होती. पांढरे पर्वत म्हणतात तिथल्या डोंगरांना. त्यांच्या पोटातून दगडगोट्यांवरून १६ किलोमीटर उतरत समुद्राला भिडायचं, आणि खाली आगिया रूमेली नावाच्या ज्या गावात पोचतो तिथे मोटारीचा रस्ताच नाही, म्हणून बोटीने बाहेर पडायचं. आमच्या ह्यांना सोसायटीचे दोन जिने उतरताना कठडा लागतो.

नुसतं राहायला जाणं हा माझ्या लहानपणी सुट्टीचा एकमेव प्रकार होता. वार्षिक परीक्षा संपली की कराडहून एसटीने कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथे गाडी बदलून गुहागर. खालच्या पाटात आजोबांचं घर. पुढे रस्ता, मागे नारळी-सुपारीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि मग समुद्र. मावश्यांची, मामांची मिळून मुलांची अशी झुंबड असायची की आजोबा नावं घेण्याच्या भानगडीत न पडता सगळ्यांना ‘ए’ म्हणत. आज काय करायचं, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारलेला मला आठवत नाही. रातांबे फोडायला बसवलं तर बसायचं, हात लाल झाले की उठायचं. फणस उघडला तर तेलाचा हात घेऊन भोवती जमायचं. समुद्रावर रोज जायचं, पण तो ‘पाहायला’ म्हणून कोणी गेलं नाही. दुपारी पडवीत आडवं पडून वाशांच्या गाठी मोजणं हाही दिनक्रमच होता.

ह्या रिकामपणामागे किती आखणी होती ते तेव्हा दिसत नसे. आजीने त्यासाठी कागदपेन्सिल घेतली नाही. माणसं किती, गोधड्या किती, कोण ओटीवर आणि कोण माजघरात, एकाच न्हाणीघरात सकाळी कोणाचा नंबर कधी, कुठल्या जावयाला कुळथाचं पिठलं चालत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. पापड-कुरडया आम्ही यायच्या आधी डब्यांत बसलेल्या असत. आणि ह्या आखणीचं ओझं ज्यांच्या पाठीवर होतं त्या माझ्या दोन माम्या. आम्ही आजोळी सुट्टीवर असायचो तेव्हा माम्या चुलीपाशी असायच्या. पंगतीमागून पंगत. त्यांच्या मुलांचंही एक आजोळ होतं, खाली राजापूरकडे. पण तिकडे जाणं व्हायचं ते आमची पांगापांग झाल्यावर, पाऊस दाराशी आल्यावर, दोन-चार दिवसांपुरतं. आजोळाचं कौतुक करणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. मामीने लिहिलेला एखादा वाचायला मला फार आवडेल.

पुढे माझ्या मुलांचं आजोळ कराडला झालं. तिथे समुद्र नव्हता, पण प्रीतिसंगम होता. कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात, तिथल्या वाळूत संध्याकाळ जायची. सकाळी मात्र आई त्यांना कुठल्यातरी शिबिरात घालायची. ‘दिवसभर करणार काय पोरं?’ असं ती म्हणू लागली होती. हा प्रश्न घरात शिरला आणि सुट्टीचा नूर बदलला असं मला वाटतं. आई-बाबा गेले, घर विकलं. आता आजोळ म्हणजे आमचा पुण्यातला फ्लॅट.

लेक आइंडहोव्हनला असते. तिथल्या आमच्या नातवंडांना उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवडे, जुलै-ऑगस्टात. सगळ्या देशाने एकदम रस्त्यावर येऊ नये म्हणून नेदरलँड्सचे तीन भाग करून तारखा पुढेमागे ठेवतात, आणि आधीमधी शाळा बुडवून फिरायला नेलं तर आईवडिलांना दंड होऊ शकतो. पुण्यातल्या नातवाची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. त्यामुळे ती दोघं जुलैत येत तेव्हा हा शाळेत, बाहेर धो धो पाऊस, आणि पोरं तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पार्किंगमधलं पाणी बघत बसलेली. भावंडांनी एकत्र वाढावं ह्यासाठी लागतो तो लांबलचक, कंटाळवाणा, एकमेकांच्या अंगावर पडलेला वेळ. तो त्यांना मिळत नव्हता.

मधे कुठेतरी भेटू, ही कल्पना जावयाची. क्रीट लेकीने काढलं. तिचा आग्रह जुलैचा होता. त्या महिन्यात तिथे पाऊस पडतच नाही, आकाशाची खात्री. मी शाळेत भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान : हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा, ऑलिव्ह, द्राक्षं, संत्री-लिंबं; हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन. परीक्षेच्या नकाशात मुलं क्रीटचा ठिपका हटकून विसरायची. शिकवताना मला ठाऊक नव्हतं ते निवृत्तीनंतर वाचलं. १९९६ साली मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या दोघांनी मांडलं की आपल्याकडे मोसमी पाऊस कोसळताना वरच्या हवेत जी प्रचंड उष्णता सोडली जाते, तिच्या परिणामाने थेट पूर्व भूमध्य समुद्रावरची हवा खाली बसते, आणि खाली बसणाऱ्या हवेत ढग धरत नाहीत. म्हणजे गुहागरच्या वाडीत आषाढ कोसळतो तेव्हा क्रीटवर निरभ्र असतं, त्यात आपल्या पावसाचाही हात आहे. लेकीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “आई, मग फायदा घेऊ या ना त्याचा.”

पण जुलैत पुण्यातली शाळा, जुलैत तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा दांडगा वारा, जुलैत घरभाडी चढलेली. शेवटी दोन देशांच्या शाळांची वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवली. नेदरलँड्समध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला एक छोटी सुट्टी असते, आणि आपल्याकडे तेव्हा उन्हाळी सुट्टी नुकती लागलेली असते. दोन्ही एकमेकींवर येतात तेवढी पट्टी आम्ही पकडली. समुद्राचं पाणी तेव्हा गार असणार. आइंडहोव्हनची पोरं त्यात बिनदिक्कत उतरतील. पुणेकर नातू काठावरून सल्ले देईल.

लेकीचा तक्ता नोकरीतल्यासारखा, रंगीत रकान्यांचा. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आणि जेमतेम १२ ते ६० किलोमीटर रुंद आहे. तिने ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यापलं होतं. क्नोसोस हवंच, कारण थोरल्या नातवाच्या डोक्यात बैलाच्या तोंडाचा मिनोटॉर बसला आहे. तिथे आर्थर इव्हान्सने १९०० पासून उत्खनन केलं आणि पडक्या राजवाड्याचे काही भाग काँक्रीटने उभेही करून टाकले, त्यावरून अभ्यासक अजून भांडतात. हेराक्लिओनच्या संग्रहालयातली फायस्टोसची मातीची तबकडी मलाही पाहायची आहे. १९०८ साली सापडली, तिच्यावरची लिपी सर्वमान्य होईल अशी कोणी वाचलेली नाही. म्हणून पहिला मुक्काम हेराक्लिओन, हे मी कबूल केलं. बाकी स्पिनालोंगाचा किल्ला, बालोसचं खाजण, समारिया यांवर मी आडवी काट मारली. लेक नाराज झाली. “इतके पैसे खर्चून बसून राहायचं?” तिची आजी बोलल्यासारखी वाटली मला.

पालेओहोरा नैर्ऋत्य किनाऱ्यावर आहे, लिबियाच्या समुद्राकडे तोंड करून. गाव एका चिंचोळ्या जमिनीवर वसलंय, त्याच्या एका अंगाला वाळूचा किनारा आणि दुसऱ्या अंगाला गोट्यांचा. एकीकडे वारा सुटला तर गल्ली ओलांडून दुसरीकडे जायचं. टोकाला तेराव्या शतकात व्हेनिसच्या लोकांनी बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष. हानिया शहरापासून घाटाचा रस्ता आहे. नकाशावर हे गाव पाहिलं तेव्हाच माझं ठरलं. एजंटाच्या रकान्यांचाही प्रश्न सुटला. मी खरं तेच पण सुटं सुटं लिहिलं : एक दिवस वाळूचा किनारा, एक दिवस गोट्यांचा, एक दिवस किल्ला, एक दिवस बाजार, एक दिवस जवळच्या एलाफोनिसीचं उथळ पाणी आणि गुलाबी झाक असलेली वाळू. कागद गच्च भरलेला दिसू लागला. सोबत ३०,००० युरोचा विमा, मोठ्यांसाठी ९० युरो शुल्क, बँकेची पासबुकं, नातवाच्या शाळेचं पत्र. व्हिसा मिळाला.

आणखी एक गोष्ट मला त्या बेटाकडे ओढत होती. ग्रीक शाळांना उन्हाळ्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सुट्टी असते, आणि अथेन्समधली पुष्कळ मुलं अजूनही ‘होर्यो’ला म्हणजे आपल्या गावाकडे, आजी-आजोबांकडे धाडली जातात. अर्थात तिथल्या माम्यांचं काय, ह्याची माहिती पर्यटन खात्याच्या पत्रकात नसते.

पालेओहोरातल्या आमच्या भाड्याच्या आजोळाला तीन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि द्राक्षाच्या वेलाखाली एक ओटा आहे. माणसं नऊ. कोण कुठे झोपणार हे मी डोक्यातच ठरवलं, पण लेकीने लगेच तक्त्यात चढवलं. शिध्याची यादी मात्र कठीण गेली. युरोपात बाहेरून येताना दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे तूप गेलं, पेढे गेले. आंबा तर नाहीच. रोपस्वच्छतेच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं सामानात नेता येत नाहीत, आणि हापूसचं युरोपशी जुनं दुखणं आहे. फळमाशीपायी २०१४ साली त्यांनी आपल्या आंब्याची आयातच काही महिने बंद केली होती. ह्या नियमातून सुटणाऱ्या मोजक्या फळांत अननस, केळं, खजूर आणि नारळ आहेत. नारळ चालतो हे वाचून मला एकटीलाच आनंद झाला. पण सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, आणि ओला नारळ न्यायचा तर विळी-खोवणीचं काय, ह्यावर बरीच फोनाफोनी झाली. लेकीने निकाल दिला : तूप आणि नारळाचा खव ती तिकडून आणेल, मी फक्त आमसुलं, मेतकूट आणि पोहे आणायचे.

मग मी माझी एकच अट सांगितली. स्वयंपाकघरात पाळी. सकाळचं एक जेवण घरी आणि तेही पुरुषांनी करायचं. रात्री गावातल्या तावेर्नात जाऊन बसायचं. तिथे बार्लीच्या कडक पावावर टोमॅटो आणि ताजं चीज घातलेला दाकोस मिळतो, उकडलेल्या रानभाज्यांवर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू मिळतं. आम्हा शाकाहाऱ्यांना कशाची ददात नाही. सून काही बोलली नाही, पण तिने ह्या पाळ्यांचा तक्ता छापून आमच्या फ्रिजवर लावला. तिच्या मुलाचं खरं आजोळ नाशिकला आहे, आणि ह्या सुट्टीतले राहिलेले सगळे दिवस तिकडे जातील हेही तिने त्याखाली पेनने लिहून ठेवलं. मला ते आवडलं.

जावई पास्ता करणार आहे. त्याची चिंता नाही. ह्यांच्या वाट्याला साबुदाण्याची खिचडी आली आणि भिजवण्याचं माप त्यांनी आधीच वहीत लिहून घेतलं. पहिला दिवस मुलाचा, पिठलं-भाताचा. तो दर रविवारी तालीम करतोय. काल पुन्हा गुठळ्या झाल्या. नातू म्हणाला, बाबा, तुम्ही पीठ आधी पाण्यात का नाही कालवत?