बुटक्या तुऱ्याची कोंबडी

दोस्तांनो, नकाशावर कॅनडातलं माँट्रियल शहर शोधा. तिथून पश्चिमेला साधारण 50 किलोमीटरवर ओका नावाचं छोटंसं गाव आहे. क्वेबेक प्रांतातलं, म्हणजे फ्रेंच बोलणारं. गावापुढे ओटावा नदी पसरून तिचं मोठं सरोवर झालं आहे. उन्हाळ्यात ते ओलांडायला बोटीवर मोटारी चढवतात. थंडी पुरेशी कडक पडली, की त्याच सरोवराच्या बर्फावरून मोटारी धावतात! आजीला सांगून बघा, तिला खरं वाटायचं नाही.

अशा ठिकाणी जानेवारीत एखाद्या रात्री पारा उणे 25 अंशांपर्यंतही उतरतो. आपल्याकडे कोकणात तिन्हीसांजेला कोंबड्या डालग्याखाली झाकल्या, की काम संपलं. तिथे कसं करत असतील?

कोंबडी मूळची उष्ण प्रदेशातली. तिचा पूर्वज रानकोंबडा आशियातल्या जंगलांतला. कोंबडीला घाम येत नाही, बरं का! अंगातली जादा उष्णता तिच्या तुऱ्यातून आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्यांतूनही बाहेर पडते. गरम हवेत ही सोय झकास. बर्फात मात्र हाच तुरा गोठतो, काळा पडतो, त्याची टोकं गळून जातात. कोंबड्याचा तुरा असा गोठला, तर कधीकधी बरेच दिवस अंडी उबवूनही पिल्लं निघत नाहीत.

मग खुराडं गच्च बंद करावं, असं तुम्ही म्हणाल. पण तिथेच फसगत होते. श्वासाची आणि विष्ठेची वाफ आत कोंडली, की ओलाव्यामुळे तुरे जास्तच गोठतात. म्हणून छताजवळचे झरोके उघडे ठेवतात, फक्त वाऱ्याचा झोत अंगावर येऊ देत नाहीत. बसायची दांडीही रुंद आणि चपटी. कोंबडी पोट टेकून बसली, की पायाची बोटं पिसांखाली झाकली जातात. अंडी वेळच्या वेळी उचलावी लागतात, नाहीतर गोठून तडकतात.

ओकाच्या मठात ट्रॅपिस्ट पंथाचे ख्रिस्ती साधू राहत. मोजकं बोलायचं आणि शेतात राबायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांतल्या ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी 1908 मध्ये एक काम हाती घेतलं. कोंबडीच अशी घडवायची, की जिचा तुरा बुटका असेल, अंगावर मांस असेल आणि जी ऐन हिवाळ्यात अंडी देईल!

त्यांनी मांसल कॉर्निश कोंबडा आणि अंड्यांसाठी नावाजलेली लेगहॉर्न कोंबडी यांची जोडी लावली. दुसरीकडे ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पांढरी वायनडॉट कोंबडी. मग या दोन्ही घराण्यांतल्या पिल्लांची सोयरीक, आणि पुढे त्यात पांढरी प्लायमाउथ रॉक. वाचायला सोपं वाटतं ना? पण कुणाचा तुरा मोठा निघायचा, कुणाची अंडी कमी. अंड्यातून पिल्लू 21 दिवसांत बाहेर येतं. ते हिवाळ्यात किती अंडी देणार, हे कळायला मात्र पुढचा हिवाळा यावा लागतो.

अखेर 1918 मध्ये ही पांढरीशुभ्र कोंबडी लोकांसमोर आली. नाव ‘शाँतक्लेर’, म्हणजे स्वच्छ आवाजात गाणारा. तुरा उशीसारखा, डोक्याला चिकटलेला. पाळ्या जवळजवळ नाहीतच. 1921 मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननेही तिला मान्यता दिली.

पुढे मोठमोठ्या पोल्ट्र्या आल्या, आणि परसातली ही कोंबडी मागे पडली. 1979 मध्ये सस्कॅचेवान विद्यापीठातला, माहीत असलेला शेवटचा कोंबडा मेला, तेव्हा ‘संपली ही जात’ असंच लोक समजले. पण काही शेतकऱ्यांच्या अंगणात ती गुपचूप दाणे टिपत होती! त्या थोड्या कोंबड्यांपासून वंश पुन्हा वाढला. 1999 मध्ये क्वेबेकने कायदा करून एक घोडा, एक गाय आणि ही कोंबडी, अशा तीन जातींना प्रांताचा वारसा ठरवलं. ओकाचे साधू 2009 मध्ये दुसरीकडे राहायला गेले.

ही जात जपणारे लोक पिल्लं मोठी झाली, की आधी त्यांचं डोकं न्याहाळतात. तुरा मोठा निघालेली कोंबडी अंड्यांसाठी ठेवली तरी चालते. पण तिची अंडी उबवायला बसवत नाहीत.